‘द लास्ट हॉरर फिल्म’बद्दल सगळे विचारतात ते प्रश्न

मागच्या मे महिन्यात आमच्या गच्चीवर हा पिक्चर लावला. पंचवीसेक जण होतो, भिंतीवर पांढरी बेडशीट ताणलेली, आणि शेजारच्या ट्यूबलाइटचा उजेड येतो म्हणून त्या बाजूला दोरीवर तीन सोलापुरी चादरी टाकलेल्या. तेव्हापासून जो भेटतो तो याच पिक्चरबद्दल विचारतो. इथं सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलला गाडी थांबली तरी मागून कोणीतरी विचारतं की ते सगळं खरंच चोरून शूट केलेलं का. प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो. खुनी कोण ते कुठंही फोडलेलं नाही, निवांत वाचा.

पिक्चर नेमका कुठला, गोष्ट काय आहे?

१९८२ चा इंग्लिश पिक्चर आहे, ‘फॅनॅटिक’ या नावानंही ओळखतात, दिग्दर्शक डेव्हिड विंटर्स. विनी ड्युरँड नावाचा माणूस न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवतो, वय बरंच झालंय, आईजवळ राहतो, आणि डोक्यात एकच खूळ की आपण पिक्चर डायरेक्ट करायचा. तोही ड्रॅक्युलावर, आणि त्यात हिरॉईन पाहिजे ती जाना बेट्सच. जाना बेट्स म्हणजे हॉरर पिक्चरची स्टार. याच्यासाठी ती सगळं जग आहे आणि तिला हा माणूस जगात आहे हेच माहीत नाही. ती फ्रान्समधल्या कान गावच्या फिल्म फेस्टिव्हलला जाते, तर हाही कॅमेरा गळ्यात अडकवून तिथं पोचतो. भेट मिळत नाही, हॉटेलमधून हाकलतात, पार्टीतून हाकलतात, तरी हा मागंच. आणि मग तिच्या आजूबाजूची माणसं एकेक करून मरायला लागतात, बॉडी मात्र पोलिसांना सापडत नाही, त्यामुळं पोलिसांना वाटतं की पिक्चरच्या पब्लिसिटीसाठी ही सगळी बनवाबनवी चाललीय.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळा पिक्चर माझ्या मते त्याच्यावर उभा आहे.

कोण कोण आहे यात?

विनी झालाय जो स्पिनेल आणि जाना झालीय कॅरोलाइन मन्रो. मन्रोला आपल्याकडं लोक जेम्स बाँडच्या १९७७ च्या पिक्चरमुळं ओळखतात, त्यात हेलिकॉप्टरमधून डोळा मारते ती. स्पिनेल हा नावापेक्षा चेहऱ्यानं ओळखू येणारा नट, ‘गॉडफादर’मध्ये आहे, ‘रॉकी’मध्ये सावकार आहे, आणि १९७६ च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये हिरोला टॅक्सीची नोकरी देताना जो ऑफिसातला माणूस प्रश्न विचारतो तो हाच. त्या पिक्चरमध्ये टेबलामागं बसून दुसऱ्याला टॅक्सी देणारा माणूस पाच वर्षांनी स्वतः टॅक्सीत बसला, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

या दोघांचा हा एकत्र तिसरा पिक्चर. त्याच्या आधी १९८० मध्ये ‘मॅनियाक’ केलेला, तो फारच रक्तबंबाळ आहे, तो मी कोणाला सांगून बघायला लावत नाही.

विनीच खुनी आहे ना बे? चेहऱ्यावरूनच कळतंय की.

हा प्रश्न पहिल्या वीस मिनिटांतच गच्चीवर चार जणांनी विचारला. उत्तर देणार नाही. पण असं का वाटतं ते सांगतो. स्पिनेलचा चेहरा खड्ड्याखड्ड्यांचा, घामानं ओला, डोळे मोठे, श्वास जोरात. कॅमेरा मुद्दाम त्याच्या फार जवळ जातो, इतका की पुढं बसलेल्याला मागं सरकावंसं वाटतं. बाकी सगळी माणसं सुटाबुटातली, उन्हात काळवंडलेली, दात पांढरेशुभ्र. आपण लगेच ठरवून मोकळे होतो की घाण दिसतो तो गुन्हेगार आणि चकाचक दिसतो तो सज्जन. दुसऱ्यांदा बघताना फक्त एवढं करा, जाना घाबरलेली असते तेव्हा तिच्या शेजारचा प्रत्येक माणूस तिला काय सांगतो ते ऐका. कोणी म्हणतो फोटो काढून घे, कोणी म्हणतो बातमी चांगली होईल. तिला काय वाटतंय हे विचारणारं जवळजवळ कोणी नाही.

म्हणजे विनी चांगला माणूस आहे असं म्हणायचंय का?

अजिबात नाही. खून केलेत की नाही हा प्रश्न वेगळा, पण तो तिच्या मागं मागं फिरतो, चोरून शूटिंग करतो, नको म्हटलेलं ऐकत नाही, तिच्या खोलीत घुसतो. एवढं पुरेसं आहे. या पिक्चरची जमेची बाजू म्हणजे विनीची कीव येते आणि भीतीही वाटते, एकाच वेळी, आणि कीव आली म्हणून भीती कमी होत नाही. एकटा हॉटेलच्या खोलीत बसून तो बक्षीस मिळाल्याची स्वप्नं बघतो तेव्हा वाईट वाटतं. दुसऱ्याच मिनिटाला तो तिच्या दाराशी असतो.

‘डर’सारखाच का?

हे सगळ्यात जास्त विचारतात. ‘डर’ १९९३ चा, हा त्याच्या अकरा वर्षं आधीचा, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. फरक असा की ‘डर’ बघून आपल्याकडं पोरं मागं फिरणाऱ्याचीच नक्कल करत हिंडायची, मी शाळेत होतो, आमच्या वर्गातही करायची, आणि वर्गातल्या पोरी मान खाली घालून बसायच्या हे मला आता आठवतं, तेव्हा दिसलं नव्हतं. विनीची नक्कल करावी असं कोणालाच वाटत नाही. त्याचं प्रेम सुंदर दिसतच नाही, गाणं नाही, समुद्रकिनारी हवेत उडणारी ओढणी नाही, समुद्र आहे पण त्यात हा धापा टाकत पळतोय.

खरंच कान फेस्टिव्हलमध्ये शूट केलंय? सेट नाही?

बरंचसं खरंखुरं. १९८१ चा फेस्टिव्हल चालू असताना, १३ ते २७ मेच्या दरम्यान, ही टीम तिथं गेली आणि बऱ्याच ठिकाणी परवानगी वगैरे न काढता सरळ गर्दीत कॅमेरा घुसवला. त्यामुळं रस्त्यावर दिसणारी माणसं एक्स्ट्रा नाहीत, खरी आहेत, भिंतीवरची होर्डिंग त्या वर्षीच्या खऱ्या पिक्चरची आहेत, फोटोग्राफर खरे आहेत. नीट बघितलं तर कित्येक शॉटमध्ये मागचा एखादा माणूस जाता जाता कॅमेऱ्याकडं बघतो, थांबतो, परत चालायला लागतो.

लो बजेट पिक्चरवाल्यांचं हे जुनं तंत्र आहे. हजार माणसांची गर्दी जमवायला पैसे नाहीत ना, मग जिथं गर्दी आधीच जमलीय तिथं आपली गोष्ट घेऊन जायचं. लांबून लेन्स लावायची, नट गर्दीत सोडायचा, उजेड असेल तो वापरायचा, एक-दोन टेकमध्ये उरकायचं आणि कोणी विचारायच्या आत निघायचं. आवाज नंतर भरायचा. याचा तोटा म्हणजे फ्रेम हलते, माणसं मध्ये येतात, काही सीन नीट जोडले जात नाहीत, आणि या पिक्चरमध्ये ते सगळं आहे, मी लपवणार नाही. पण फायदा असा की जे मिळतं ते पैसे टाकूनही मिळत नाही.

उदाहरण सांगतो. यात फेस्टिव्हलचा जो जुना हॉल आहे, समुद्राच्या रस्त्यावरचा, तो आता नाही. १९८३ पासून फेस्टिव्हल नव्या इमारतीत भरायला लागला आणि जुनी इमारत १९८८ मध्ये पाडली, तिथं हॉटेल झालं. म्हणजे एका लहानशा खुनाखुनीच्या पिक्चरमध्ये ती जागा फेस्टिव्हलचा हॉल म्हणून तिच्या शेवटच्या एक-दोन वर्षांतली जपली गेलीय. आपल्याकडची किती जुनी थिएटरं अशीच गेली, पडदा गेला, खुर्च्या गेल्या, आणि कोणाकडं एक साधा फोटो नाही. म्हणून मला असले पिक्चर महत्त्वाचे वाटतात.

त्या वर्षीची खरी बक्षिसं विचारत होता कोणीतरी: पहिलं बक्षीस पोलंडच्या आंद्रे वायदाच्या ‘मॅन ऑफ आयर्न’ला, आणि बेस्ट ॲक्ट्रेस इझाबेल अजानी, दोन पिक्चरसाठी मिळून. त्यातला एक ‘पझेशन’, तोही भीतीचाच.

ते टॉवेलवालं काय आहे? सगळे त्याच सीनबद्दल बोलतात.

बोलतात पण चुकीच्या कारणासाठी. नीट सांगतो.

जाना हॉटेलच्या खोलीत अंघोळ करतेय. विनी शॅम्पेनची बाटली घेऊन आत येतो, त्याच्या डोक्यात हे सगळं छानच चाललंय, पिक्चरबद्दल बोलायचं, ती हो म्हणणार. ती किंचाळते. त्याला कळतच नाही की ती का किंचाळतेय, मग तो चिडतो, बाटली फुटते, आणि ती फुटकी बाटली त्याच्या हातात. ती टॉवेल गुंडाळून जिवाच्या आकांतानं पळते, जिन्यावरून, लॉबीतून, थेट बाहेर, जिथं फोटोग्राफर आणि पब्लिक. हा मागं.

आणि पब्लिक टाळ्या वाजवतं.

त्यांना वाटतं पब्लिसिटी आहे. हॉररची हिरॉईन, कानचा फेस्टिव्हल, टॉवेल, मागं बाटलीवाला माणूस, वा काय आयडिया आहे. फ्लॅश उडतात. ती खरंच मदत मागतेय हे शेकडो माणसांत कोणालाच कळत नाही, कारण ती जन्मभर पैसे घेऊन किंचाळत आलीय. नटीची किंकाळी लोकांना नेहमी शोचाच भाग वाटते. मी हा पिक्चर पाच वेळा बघितलाय ते या एका मिनिटासाठी, यातले खून मला आता आठवतही नाहीत.

तुम्ही गड्ड्याच्या जत्रेत असंच शूटिंग केलं म्हणे?

केलं. सांगायला हरकत नाही.

हा पिक्चर डोक्यात बसला होता म्हणून आम्ही तिघांनी सात मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची ठरवली, दोन मोबाईल, बजेट म्हणाल तर पेट्रोल आणि वडापाव. जानेवारीत सिद्धेश्वरची यात्रा, होम मैदानावर गड्डा भरलेला, उंच पाळणे, मौत का कुआँ, भेळेच्या गाड्या, बांगड्यांची दुकानं, रात्री आठला पाय ठेवायला जागा नाही. आमची एक मैत्रीण, हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात तिनं एकांकिका केल्यात, ती हिरॉईन. शॉट एवढाच की ती पाळण्याकडून बांगड्यांच्या लाईनीत ‘वाचवा, वाचवा’ ओरडत पळत येते, मागं आमचा एक मित्र, आणि मी लांबून शूट करतोय.

पहिल्या टेकला लोकांनी बाजू दिली आणि हसले. मोबाईल निघाले. एक जण ओरडला, अरे रील चाललंय बे. तिचं ओरडणं इतकं खरं होतं की मला मोबाईलच्या पडद्यावर बघताना घशात काहीतरी अडकलं, आणि आजूबाजूला सगळे हसतायत. तेवढ्यात एका बांगडीवाल्या बाईनं तिचा दंड धरला, सर्रकन आत ओढली, टेबलाच्या खाली बांगड्यांच्या डब्यांमागं बसवली, आणि बांगड्या लावायचा लाकडी दांडा उपसून पुढं उभी राहिली. बांगड्या सगळ्या खाली, चिखलात. ‘कोण हाय बे तो? ये म्हणावं पुढं.’

आम्ही पळत गेलो, हात जोडले, मावशी शूटिंग आहे, खरं नाही. तिनं आधी दांडा खाली ठेवला, मग पोरीला उठवलं, तिच्या केसातला कचरा काढला, आणि मग आमच्याकडं वळली. म्हणाली, ‘पोरगी ओरडली की खरं म्हणून धावायचं का खोटं म्हणून बसून राहायचं, तुमीच सांगा आता.’ आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. बांगड्यांचे पैसे देत होतो तर घेईना, शेवटी तिच्या पोराच्या हातात कोंबले.

मावशीला तिच्या शॉटबद्दल विचारलं तर म्हणाली तोंड दाखवायचं नाही. म्हणून फिल्ममध्ये फक्त तिचा हात आहे, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आणि तो दांडा. सात मिनिटांतलं तेवढंच मला आवडतं.

मग परवानगी न घेता शूट करावं का नाही?

पूर्वी मी छातीठोक ‘करावं’ म्हणायचो. आता असं म्हणतो की नुसतं चालणं, बोलणं, बघणं असेल तर मोबाईलवर करा, कोणाचा चेहरा जवळून आला तर त्याला विचारा. पण पाठलाग, मारामारी, चाकू, ओरडणं हे सार्वजनिक ठिकाणी न सांगता करू नका. पोलीस स्टेशनला आधी अर्ज द्या, आजूबाजूच्या चार दुकानदारांना सांगा, आणि खेळण्यातला चाकूसुद्धा पिशवीतून बाहेर काढायच्या आधी दहा वेळा विचार करा. गर्दीत घबराट झाली आणि चेंगराचेंगरी झाली तर काय करणार.

असं खरंच होतं का? का पिक्चरमध्येच?

खरंच होतं. शूटिंगच्या दीडच महिना आधी, ३० मार्च १९८१ ला, अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर जॉन हिंकलीनं गोळ्या झाडल्या, आणि कारण काय, तर जोडी फॉस्टर या नटीचं लक्ष आपल्याकडं जावं म्हणून. तिच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’नं त्याला झपाटलेलं होतं, तोच पिक्चर ज्यात स्पिनेल नोकरी देतो. त्याच्याही आधी, डिसेंबर १९८० मध्ये, गायक जॉन लेननला मारणारा त्याचा फॅनच होता, त्याच दिवशी त्याची सही घेतलेली.

आणि १९८९ च्या जुलैमध्ये रिबेका शेफर या २१ वर्षांच्या नटीला तिच्या लॉस एंजेलिसमधल्या घराच्या दारातच एका फॅननं गोळी घातली. पत्ता कसा मिळवला, तर डिटेक्टिव्ह लावून वाहनांच्या सरकारी नोंदीतून. त्यानंतर १९९० मध्ये कॅलिफोर्नियानं पाठलागाविरुद्ध कायदा केला, अमेरिकेतला पहिलाच. म्हणजे विनी जानाच्या मागं फिरत होता तेव्हा अमेरिकेत या गोष्टीला गुन्हा म्हणून नावच नव्हतं. पिक्चरमधले पोलीस खांदे उडवतात ते बघून आपल्याला राग येतो, पण त्या काळी खऱ्या बायकांनाही तेच ऐकायला मिळत होतं.

आपल्याकडं पण असं असतं?

गच्चीवर त्या रात्री एक ताई होत्या, ऑर्केस्ट्रात गातात. नाव लिहीत नाही, बाकी लिही म्हणाल्यात. टॉवेलचा सीन चालू झाला आणि त्या उठून पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी जाऊन विचारलं, बंद करू का. म्हणाल्या, ‘नको, चालू दे. टाळ्या वाजवतात बघ.’

नंतर सगळे गेल्यावर सांगितलं. एक माणूस होता, प्रत्येक प्रोग्रामला यायचा, बार्शीला असो, मोहोळला असो, पंढरपूरला असो, पुढच्या रांगेत डावीकडून तिसरी खुर्ची. फर्माईशीची चिठ्ठी पाठवायचा, दरवेळी एकच गाणं. पहिले दोन-तीन महिने त्यांना बरं वाटलं, आवाजाची कदर करणारा माणूस आहे. मग चिठ्ठीत गाण्याखाली साडीचा रंग यायला लागला, आज ही नेसलीस, परवा ती नेस. मग एका चिठ्ठीत त्यांच्या मुलाची शाळा सुटायची वेळ लिहिलेली होती, बाकी काही नाही, फक्त वेळ. त्यांनी प्रोग्राम ठरवणाऱ्या माणसाला ती चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, ताई, पब्लिक आहे, खूश ठेवायचं असतं. घरी सांगितलं तर सासरचं माणूस म्हणालं, स्टेजवर उभं राहायचं म्हटल्यावर हे चालायचंच. आठ महिने गाणं बंद ठेवलं त्यांनी. आता गातात, भाऊ गाडीवरून नेतो-आणतो.

त्या आठ महिन्यांत आम्हीच विचारायचो, ताई हल्ली दिसत नाही स्टेजवर, काय झालं. आणि त्या म्हणायच्या, घसा बसलाय.

असं कोणाच्या बाबतीत चाललं असेल तर करायचं काय?

आपल्याकडं २०१३ पासून पाठलाग हा वेगळा गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेत कलम ३५४ड होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. बाईनं नको हे स्पष्ट दाखवल्यावरही माणूस पुन्हा पुन्हा मागं येतो, संपर्क करतो, किंवा तिच्या मोबाईल-इंटरनेटवर पाळत ठेवतो, तर ते यात बसतं. पहिल्यांदा सिद्ध झालं तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, परत केलं तर ५ वर्षांपर्यंत. चिठ्ठ्या, मेसेज, कॉलची लिस्ट काही फेकू नका, चिडून फाडू नका, तारीख टाकून ठेवा. ताबडतोब धोका वाटला तर ११२ लावा. आणि बरोबर कोणीतरी जा, एकटीला पाठवू नका.

फॅन असणंच वाईट का मग?

मी स्वतः फॅन आहे, माझ्या कपाटात स्पिनेलची कात्रणं-फोटो आहेत. आणि सोलापुरात फॅन काय असतो हे कोणाला सांगायला पाहिजे? तेलुगू पिक्चर लागला की पूर्व भागातली पोरं सकाळपासून थिएटरसमोर हलग्या घेऊन उभी असतात, घामाघूम होऊन नाचतात, शो सुटला की घरी जाऊन जेवतात. त्यांचं प्रेम सगळ्यांसमोर असतं, दहा जणांत वाटलेलं असतं, आणि ते प्रेम उलट काही मागत नाही. विनीला उलट पाहिजे. त्याच्या हिशोबात त्यानं इतकी वर्षं तिच्यासाठी झुरून काढलीत म्हणजे तिनं आता त्याच्या पिक्चरमध्ये काम करणं ही परतफेड आहे. तिनं हे कर्ज घेतलेलंच नाही हे त्याला कोणी सांगत नाही, सांगितलं तरी ऐकू येत नाही.

रक्त किती आहे? पोरांना दाखवू का?

पोरांना नको. रक्त आहे, थोडी नग्नता आहे. त्या काळातल्या स्लॅशरच्या, म्हणजे एकामागून एक खून पडणाऱ्या पिक्चरच्या मानानं फार नाही. सगळं हातानं केलेलं आहे, रबर, नळी, रंग, कॉम्प्युटर काही नाही. रक्त आमच्या फिल्मसाठी आम्ही साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर असं केलं होतं. कोको विसरू नका, त्याशिवाय ते रसना वाटतं. आणि पांढऱ्या शर्टवरचा डाग जात नाही.

मराठी सबटायटल मिळतात का? कुठं बघायचा?

मराठी आम्हाला मिळाले नाहीत. आमच्याकडं ट्रोमा कंपनीनं काढलेली डीव्हीडी होती. इंग्लिश अवघड नाही, एक जण मागून थोडं थोडं सांगत गेला तर सगळ्यांना समजतं, फक्त त्याला आधीच बजावा की शेवट सांगायचा नाही.

शेवट कळला नाही.

परत बघा. शेवटची पाच मिनिटं कोणी चप्पल शोधत असतं, कोणी फोन बघतं, आणि नेमकं तिथंच सगळं उलटं होतं. एवढंच सांगतो की आपण इतका वेळ काय बघत होतो याबद्दलच प्रश्न पडला पाहिजे. पडला नाही तर काहीतरी सुटलं.

विनीची आई झालीय ती बाई कोण? फार भारी काम केलंय.

ती स्पिनेलची खरी आई आहे, फिलोमेना स्पॅग्नुओलो. स्पिनेलचं खरं आडनाव स्पॅग्नुओलोच. पोरगा पिक्चरच्या नादाला लागलाय म्हणून ती त्याला घरात बोलते ते सीन मला सगळ्यात खरे वाटतात. स्पिनेल १९८९ च्या जानेवारीत गेला, ५२ वर्षांचा होता.

माझी आई त्या रात्री पिक्चर बघायला बसलीच नव्हती. जिन्याच्या तोंडाशी शेंगा फोडत बसलेली, चटणीला पाहिजे होत्या, पडद्याकडं अर्धी पाठ. इंग्लिश तिला कळत नाही. तो आईचा सीन आला तेव्हा तिचे हात थांबले. नंतर भांडी घासताना मला विचारलं, ‘ती त्याची खरीच आई आहे का रे?’ मी म्हटलं हो, तुला कसं कळलं. म्हणाली, ‘कशी बोलतीय बघ की. परकी बाई असं नाही बोलत.’